मालमोटारीच्या टपावरील दिवे कां गळतात?



मालमोटारीच्या टपावर मागाहून बसविलेले दिवे पावसाळ्यांत कां गळतात, हा विषय घरगुती श्रोत्यांपुढें मांडावयाचा म्हटल्यावर आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु नंदुरबारच्या बाजारांतील तांबडी मिरची आपल्या स्वयंपाकघरांत येते ती ह्याच मोटारींतून; आणि ती आणणारा मनुष्य दिवसभर ज्या जागीं बसतो व रात्रीं पुष्कळदां जेथें निजतोहि, ती जागा म्हणजे मोटारीची केबिन. तिच्या छपरास भोंक पडलें तर तें घराच्याच छपरास पडलें असें त्याला वाटतें. शिवाय गळतीमागचें शास्त्र दोन्हींकडे एकच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी सुरत ते धुळें अशी मालमोटार चालवितो. हा रस्ता पूर्वीं राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणून ओळखला जाई. २०१० सालीं क्रमांक बदलले, त्यानंतर तो ५३ झाला. नवापूरकडे पाऊस नंदुरबार-शहाद्यापेक्षां बराच अधिक, हें आमच्या जिल्ह्यांत सर्वांस ठाऊक आहे. हा विद्यार्थी मला म्हणाला, "गुरुजी, गाडी उभी असली कीं थेंब गळत नाहीं. सोनगड सोडून नवापूरकडे वेग घेतला कीं मांडीवर धार लागते. आणि कोंडाईबारीचा घाट चढूं लागलों कीं पुन्हां थांबते. हें भूत आहे काय?"

भूत नव्हे, वारा आहे. मोटार ताशीं ७२ किलोमीटर वेगानें धांवत असली म्हणजे समोरून येणारी हवा दिव्याच्या बुडावर जो दाब देते, तो सुमारें २४ मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. म्हणजे दिव्याच्या कडेखालीं सांचलेलें पाणी जवळजवळ इंचभर वर ढकललें जाऊं शकतें, आणि भोंकाची कड तर इतकी उंच कधींच नसते. वेग निम्मा केला कीं हाच दाब चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे ६ मिलिमीटरांवर येतो. घाटांत मोटार रांगत चालते. म्हणून तेथें धार थांबते. अंगणांत मोटार उभी करून वर बादलीभर पाणी ओतणें व "गळत नाहीं" असा निर्वाळा देणें ही परीक्षा म्हणूनच अपुरी आहे.

आतां भोंकाकडे वळूं. टपाचा पत्रा सपाट नसतो. त्याला बाक असतो आणि ताठपणासाठीं उंचवटे पाडलेले असतात. कारखान्यानें दिलेल्या दिव्याचें आसन सहसा पत्रा घडवितांनाच तयार होतें. बाजारांतून आणलेल्या दिव्याचें बूड मात्र सपाट. तें दोन उंचवट्यांवर ठेवून स्क्रू कितीहि आवळले तरी मधल्या खळग्याचा बोगदा उघडाच राहतो. उलट फार आवळल्यानें खालचें रबरी पॅकिंग स्क्रूपाशीं चेपतें व मध्यें फुगतें. उन्हांत दोन वर्षें काढलीं कीं तें चेपलेलें रबर पुन्हां उसळी घेत नाहीं. त्यांत ताडपत्री बांधतांना क्लीनर टपावर उभा राहतो. पत्रा किंचित् दबतो, आणि दिव्याभोंवतीं लहानसें तळें तयार होतें. आपल्या घरच्या पन्हळी पत्र्याचे स्क्रू उंचवट्यावर मारतात, पन्हळींत नव्हे, हें आपण पाहिलेंच असेल. पाणी जेथून वाहतें तेथें भोंक पाडूं नये हा सुताराचा जुना नियम टपालाहि लागू आहे.

दुसरी गोष्ट जरा गंमतीची आहे. दिवा श्वास घेतो! त्याच्या आंतील हवा ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापली तर तिचें आकारमान सुमारें एक-दशांशानें वाढतें व तेवढी हवा फटींतून बाहेर जाते. मग एकाएकीं पावसाची सर आली कीं दिवा थंड होतो, आंतली हवा आकसते, आणि बाहेर जी वस्तु फटीशीं असेल ती आंत ओढली जाते. ती वस्तु म्हणजे पाणी. एलईडी दिवे जुन्या बल्बाइतके तापत नाहींत हें खरें. पण वैशाखाच्या उन्हाला बल्ब आणि एलईडी हा भेद ठाऊक नाहीं. म्हणूनच चांगल्या दिव्याच्या बुडाशीं, सर्वांत खालच्या जागीं, एक बारीक छिद्र ठेवलेलें असतें. कित्येक मिस्त्री तें चूक समजून बुजवितात. मग आंत गेलेलें पाणी बाहेर पडत नाहीं, व कांचेच्या आंत मासे सोडावेत असें दृश्य दिसतें.

तिसरी वाट तारेची. तांब्याची तार बारीक तंतूंची वळलेली असते. वातींत तेल चढावें तसें त्या तंतूंमधून पाणी आवरणाच्या आंतल्या आंत पुढें सरकतें. त्यामुळें गळती दिसते एकीकडे आणि पाणी शिरतें दुसरीकडे. येथेंच खरा धोका आहे. पुष्कळ मोटारींत तारा टपावरून खांबाच्या पोकळींतून फ्यूजच्या पेटीकडे उतरतात. चोवीस व्होल्टांचा माणसाला झटका बसत नाहीं, एवढ्यावर कोणीं निश्चिंत राहूं नये. ओल्या सांध्यावर तांबें हिरवें पडतें, सांधा तापूं लागतो. आणि मागाहून ओढलेल्या तारेला स्वतःचा फ्यूज नसला तर बॅटरीची सारी शक्ति त्या एका जागीं उतरते. मांडीवरची धार पुसतां येते. रात्रीं चालक निजला असतां अस्तराखालीं धुमसणारी तार पुसतां येत नाहीं.

उपाय सांगण्यापूर्वीं एका लोकप्रिय उपायाचा निषेध करतों. दोन गोळे मळून दगडासारखी घट्ट होणारी लांबी दिव्याभोंवतीं थापणें, हा तो उपाय. १५ सेंटीमीटर लांबीचा प्लास्टिकचा दिवा ४० अंशांनीं तापला तर सुमारें ०.४ मिलिमीटर वाढतो. तेवढाच पोलादी पत्रा मात्र केवळ ०.०७ मिलिमीटर. रोज उन्हांत एक ताणतो, दुसरा तितका ताणत नाहीं. मधली ताठर लांबी तडकते, आणि तड इतकी बारीक असते कीं डोळ्यांना दिसत नाहीं, पाण्याला मात्र बरोबर सांपडते.

तेव्हां आधीं गळती शोधावी. केबिनचें आंतलें अस्तर उतरवावें, सारें कोरडें करावें, एकानें विजेरी घेऊन आंत बसावें. दुसऱ्यानें रबरी नळीनें समोरून पाणी सोडावें, तेंहि खालून वर: आधीं कांचेची चौकट, मग टपाची कड, मग एकेक दिवा, प्रत्येकास पांच-दहा मिनिटें देऊन. वरून आरंभ केला तर पाणी सर्वत्र ओघळतें व कांहींच कळत नाहीं. पुष्कळदां दोष दिव्याचा नसून कांचेच्या रबराचा निघतो.

दिव्याचाच असेल तर दिवा पुरता काढावा. वरून लेप देण्यांत अर्थ नाहीं. जुनें सिलिकॉन खरवडून टाकावें, कारण नवें सिलिकॉन जुन्यावर धरत नाहीं. जागा स्पिरिटानें पुसावी. रॉकेलनें पुसूं नये. त्याचा तेलकट थर मागें राहतो. भोंकाची कड कानशीनें साफ करून तिला जस्ताचा गंजरोधक रंग द्यावा. उघडा पत्रा गंजला कीं सर्व श्रम फुकट. तार जाते त्या भोंकांत रबरी कडी बसवावी. खळगे भरतील अशी ब्युटिल रबराची मऊ चिकटपट्टी बुडाखालीं द्यावी, व स्क्रू आळीपाळीनें, पट्टी कडेनें किंचित् बाहेर येईपर्यंतच आवळावे. सिलिकॉन वापरणेंच असेल तर व्हिनेगरासारखा आंबट वास येणारें घेऊं नये. त्यांतून सुटणारें आम्ल पत्रा व तांबें दोन्ही खातें. नळीवर 'न्यूट्रल' असें लिहिलेलें मागून घ्यावें आणि निदान एक दिवस मोटार उभी ठेवावी. भाड्याची खेप चुकते म्हणून हा दिवस कोणी देत नाहीं. मग पुढच्या सरीला तेंच रडगाणें. आंत तारेला फ्यूजच्या पेटीपूर्वीं खालीं झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशीं गळून पडतो, पेटींत जात नाहीं. हें सारें मृग निघण्यापूर्वीं उरकावें.

राहिला प्रश्न, इतके दिवे हवेत कशाला? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १११ व्या नियमानें, नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवांचून मोटारीच्या पुढें झोताचे दिवे बसविण्यास मनाई केलेली आहे. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, हें कारण उघड आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या टपावर पांच दिवे होते, त्यांपैकीं दोन अशा झोताचे. ते काढावयास मीं सांगितलें. काढल्यावर उरलेलें भोंक बूच मारून सोडूं नये. त्याच जाडीच्या पत्र्याची गोल चकती झाळून बसवावी, दोन्ही बाजूंनीं गंजरोधक रंग द्यावा, आणि रंग वाळल्यावर पुन्हां खालून वर पाणी सोडून पाहावें. अस्तर चढवावयाचें तें त्यानंतर.