‘सुई’ या शब्दाचे दोन अर्थ आणि अवटु ग्रंथीचा विकार

विजयदुर्गसारख्या बंदरगावी ‘डॉक्टरांनी सुई दिली’ असे कोणी म्हटले, तर औषध अंगात गेले, असेच ऐकणारा समजतो. साधनाचे नाव क्रियेस मिळाले आणि औषधही त्या नावात सामावले. लक्षणेचे हे नेहमीचेच उदाहरण होय. परंतु ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते. तिच्यातून शरीरात काहीही जात नाही. विलेम टेन ऱ्हाइने या डच वैद्याने १६८३ साली योजलेल्या त्या लॅटिन नावाचा अर्थही ‘सुईने टोचणे’ एवढाच आहे.

अवटु ग्रंथी मंदावली म्हणजे थायरॉक्सिन कमी पडते. थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचला व अशा एका रुग्ण स्त्रीस गुण आला. गुण अर्काचा होता, सुईचा नव्हे. पुढे तो पोटात दिला तरी लागू पडलाच. आज लेव्होथायरॉक्सिनची गोळी तेच कार्य करते. भरीव सुईने ही उणीव भरून निघते, असा भरवशाचा पुरावा नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा अधिनियम आहे खरा. पण त्यावरून प्रत्येक रोगावरील गुण सिद्ध होत नाही.

‘सुई चालू आहे, मग गोळी कशाला?’ या प्रश्नात तर्कदोष नाही; दोष शब्दाच्या दुहेरीपणात आहे. गर्भवतीने या समजुतीने गोळी सोडली, तर पोटातील बालकाच्या मेंदूच्या वाढीस धोका संभवतो. ‘सूचिवेध’ हा संस्कृत पर्याय येथे निरुपयोगी आहे. ‘बिनऔषधाची सुई’ म्हटले, तर रुग्णास नेमके कळेल.