पाच वेळा वाचूनही परीक्षेत का आठवत नाही? फ्लॅशकार्डने उजळणी अशी करा

राज्यघटनेची कलमं रात्री वाचली, हायलायटरने पिवळी केली, सकाळी पुन्हा एकदा नजरेखालून घातली. सगळं पाठ झाल्यासारखं वाटतं. पण एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत 'वित्त आयोगाची तरतूद कोणत्या कलमात आहे?' असा प्रश्न आला, की 280 की 324 असा गोंधळ उडतो. त्यात चुकीच्या उत्तराला गुणही कापले जातात.

दोष बुद्धीचा नसतो, उजळणीच्या पद्धतीचा असतो. वाचलेलं ओळखीचं वाटणं आणि पुस्तक बंद असताना ते आठवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुन्हा पुन्हा वाचून पहिली जमते, परीक्षेत मात्र दुसरी लागते.

आपण किती वेगाने विसरतो?

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी हे स्वतःवरच तपासलं. अर्थहीन अक्षरगट पाठ करायचे, काही वेळाने तेच पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला ते मोजायचं. 1885 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका तासानंतर ही बचत निम्म्याच्या खाली आली, एका दिवसानंतर साधारण एक तृतीयांश उरली. त्यानंतर मात्र घसरण मंदावली. महिनाभरानंतरही सुमारे पाचवा हिस्सा शिल्लक होता.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तीच उजळणी काही दिवसांत विभागली, तर कमी आवर्तनांत काम होतं.

वाचण्यापेक्षा आठवणं भारी

2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानंतर चित्र पालटलं. वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के.

म्हणजे वाचताना 'झालं पाठ' असं वाटतं तेव्हाच फसगत होते. फ्लॅशकार्ड ती टाळतं. पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आधी मनात किंवा मोठ्याने द्यायचं, मगच कार्ड उलटायचं.

पाच कप्प्यांचा डबा

कोणतं कार्ड कधी बघायचं, यासाठी जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये कप्प्यांच्या डब्याची पद्धत मांडली. आज ती साधारण अशी वापरतात:

- पहिला कप्पा: 1 दिवसाने
- दुसरा: 2 दिवसांनी
- तिसरा: 4 दिवसांनी
- चौथा: 8 दिवसांनी
- पाचवा: 16 दिवसांनी

नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं तर ते पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. पुढची तारीख कार्डावर पेन्सिलने लिहावी. एकदाही न चुकलेलं कार्ड महिनाभरात फक्त पाच वेळा बघावं लागतं. वेळ वाचतो तो इथे. येतं त्यावर कमी, अडतं त्यावर जास्त.

कार्ड कसं लिहावं?

एका कार्डावर एकच प्रश्न. 'मूलभूत हक्कांची सगळी कलमं लिहा' हे कार्ड दर वेळी अर्धवट आठवेल. त्याऐवजी 'अस्पृश्यता नष्ट करणारं कलम?' (17) आणि 'घटनात्मक उपाययोजनांचा हक्क?' (32) अशी वेगळी कार्डं करा. जिथे गोंधळ होतो तिथे उलटं कार्डही करा. 'कलम 324 कशाबद्दल?' उत्तर: निवडणूक आयोग. कार्डं शक्यतो स्वतः लिहा. काय महत्त्वाचं हे ठरवतानाच निम्मा अभ्यास होतो.

वही की ॲप?

जुन्या वहीचे पुठ्ठे आणि चपलांचा खोका पुरतो. कार्डं शेकड्यांत गेली की ॲप सोयीचं. 2006 मध्ये आलेलं 'अँकी' त्यासाठी प्रसिद्ध आहे. ते संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, त्यात मराठीतही लिहिता येतं आणि पुढची तारीख ते स्वतःच ठरवतं.

उत्साहात पहिल्याच दिवशी शंभर कार्डं करू नका. रोज 10 नवी कार्डं घेतली, तर वरच्या वेळापत्रकाने महिन्याभरात रोजची उजळणी सुमारे 50 कार्डांवर जाते, चुकलेली वेगळी. रोज 20 घेतली तर 100. बहुतेक जण या ढिगाला घाबरूनच पद्धत सोडतात. ढीग साचला तर नवी कार्डं थांबवा, उजळणी थांबवू नका.

कुठे उपयोग नाही?

न समजलेली गोष्ट कार्डावर लिहिली तर ती निव्वळ घोकंपट्टी होते. गणित सोडवूनच येतं, निबंध लिहूनच येतो. सनावळ्या, कलमं, सूत्रं, रासायनिक संज्ञा, परक्या भाषेतले शब्द यांच्यासाठी मात्र कार्डं उत्तम.

आणि परीक्षा परवावर आली असेल, तर अंतर ठेवायला दिवसच उरत नाहीत. परीक्षेला निदान महिना-दोन महिने असतानाच आज वाचलेल्या धड्याची दहा कार्डं करा आणि उद्या सकाळी पुस्तक न उघडता स्वतःला विचारा.