माळ्यावरचा वारा

घोडपदेवच्या जुन्या कौलारू चाळीत वरच्या मजल्याची खोली मिळाली, की आढ्यापर्यंतची मोकळी जागा आयतीच पदरात पडते. एका खोलीत सात-आठ माणसे राहायची म्हटल्यावर तिथे पोटमाळा होणारच. गिरण्या चालू होत्या तेव्हा रात्रपाळीहून आलेला माणूस दिवसा या माळ्यावर आडवा होई. म्हणजे कौले सर्वांत जास्त तापतात नेमक्या त्याच वेळी त्याचे डोके कौलांपासून दोन हातांवर. १९८२ च्या संपानंतर पाळ्या गेल्या, माळे राहिले. आता तिथे परीक्षेचा अभ्यास चालतो. माझाही तिथेच चालतो.

माळा दोन वाटांनी तापतो. तापलेले छप्पर खालच्या माणसावर सरळ झळ टाकते, हे झाले एक. शिवाय शेगडीजवळची गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि आढ्याखाली तुंबते. मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून तिला थोडीफार वाट असते. ती वाट आपणच बुजवली. कोणी कौलांऐवजी पत्रे घातले, तर कोणी पावसाआधी अंथरलेली ताडपत्री दिवाळी उलटली तरी काढली नाही.

यावर एकच झरोका पाडून भागत नाही. जेवढी हवा बाहेर जायची तेवढी आत यायला हवी. म्हणून एक वाट खाली वळचणीला आणि दुसरी वर, आढ्यालगतच्या त्रिकोणी भिंतीत असावी. दोहोंमधली उंची जितकी अधिक, तितका ओढा चांगला; बाहेर वारा पडलेला असला तरी तो चालू राहतो. या वाटा नसतील तर टेबलफॅन तीच गरम हवा घुसळत बसतो.

पावसाळ्यात प्रश्न ओलीचा. भाताची वाफ आणि दोरीवरचे ओले कपडे यांची दमट हवा रात्री गार पत्र्याला भिडली, की पत्र्याला खालून थेंब धरतात. घरचे म्हणतात, गळतंय! मग वरून डांबर फासले जाते आणि थेंब पडतच राहतात. वाशांना बुरशी लागते ती अशा ओलीनेही.

झरोक्याला बाहेरून तिरप्या पट्ट्या आणि आतून जाळी लावली, तर पावसाची झड आणि कबुतरे दोन्ही अडतात. थेट झळ तोडायला पत्र्याखाली चार बोटे पोकळी सोडून तक्तपोशी करावी आणि त्या पोकळीची वरची व खालची तोंडे उघडी ठेवावीत. मात्र भिंत फोडण्याआधी मालकाची परवानगी लागते, आणि आमच्या चाळीत काम अडले आहे ते तिथेच.