बंदुकीने कावळे कमी होतात का?

मक्याची टोकणी होऊन आठवडा उलटला की शेतात कोवळे कोंब वर येतात. मग एके दिवशी सकाळी कावळ्यांचा थवा उतरतो आणि ओळीच्या ओळी उपटून टाकतो. खरे तर कावळ्याला कोंबाशी काही कर्तव्य नसते. त्याला हवा असतो कोंबाखालचा, मातीत भिजून मऊ झालेला दाणा. पण शेतकऱ्याचे नुकसान व्हायचे ते होतेच. दुबार पेरणी करावी लागते, बियाणे आणि मजुरी दोन्ही वाया जातात.

अशा वेळी सहज सुचणारा उपाय म्हणजे बंदूक. कावळे मारले की कावळे कमी होतील, कावळे कमी झाले की नुकसान कमी होईल. हिशोब इतका सरळ दिसतो की तो तपासून पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु काही देशांत तो तपासला गेला आहे. त्यातून काय निघाले ते पाहू.

कावळा काय खातो?

शत्रू ठरवण्यापूर्वी त्याची ओळख करून घेतलेली बरी. अमेरिकेच्या शेती खात्यातील कामबाख या शास्त्रज्ञाने तिकडच्या कावळ्यांची २,११८ जठरे उघडून तपासली आणि १९१८ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. प्रौढ कावळ्याच्या वर्षभराच्या अन्नात सुमारे २८ टक्के भाग प्राणिज होता. त्यात टोळ, भुंगेरे, जमिनीतल्या अळ्या असे पिकांचे पुष्कळ शत्रू होते. उरलेल्या वनस्पतिज अन्नात मक्याचा वाटा सर्वांत मोठा होता. पण यातली मेख लक्षात घ्या. हा मका बराचसा हिवाळ्यात, कापणीनंतर शेतात सांडलेल्या दाण्यांतून वेचलेला होता. ते दाणे खाल्ल्याने कोणाचेच नुकसान होत नव्हते.

म्हणजे एकच कावळा वर्षाचे काही आठवडे चोर असतो, काही महिने राखणदार असतो आणि उरलेला काळ नुसता सांडलवंड वेचणारा पाहुणा असतो. वर्षभर दिसेल तेव्हा त्याला गोळी घालणे म्हणजे चोराबरोबर राखणदारालाही मारणे झाले.

सदतीस लाख कावळे मारले, पुढे?

तरीही कावळे मोठ्या प्रमाणावर मारले तर? हा प्रयोगही होऊन गेला आहे. कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतील कावळे हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकतात. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात ते रात्री एकेका झाडीत लाखोंच्या संख्येने मुक्कामाला येत. एकेक कावळा टिपण्याने भागेना, तेव्हा तेथे सुरुंगाची दारू वापरण्यात आली. दिवसा झाडांवर स्फोटके टांगून ठेवायची आणि रात्री कावळे झोपले की विजेच्या तारेने एकदम उडवून द्यायची. १९३४ ते १९४५ या काळात अशी १२७ मुक्कामाची ठिकाणे उडवली गेली आणि सुमारे ३७ ते ३८ लाख कावळे मेले, असा अंदाज आहे.

एवढ्या संहारानंतर कावळ्यांची एकूण संख्या घटली का? पिकांचे नुकसान कमी झाले का? दोन्हींचा पुरावा मिळाला नाही. मग लाखो कावळ्यांची ही तूट भरून कशी निघाली?

एक साधे गणित

कागद-पेन्सिल घ्या. अशी कल्पना करा की एका शिवारात टंचाईच्या दिवसांत २०० कावळ्यांना पुरेल एवढेच अन्न आहे. वसंतात तेथे २०० कावळे, म्हणजे १०० जोड्या आहेत. कावळ्याची मादी साधारणतः तीन ते पाच अंडी घालते. त्यांतली दोनच पिल्ले उडती झाली असे धरू. आता कावळे झाले ४००.

पण टंचाईत अन्न पुरणार २०० जणांना. म्हणून पुढच्या वसंतापर्यंत उरलेले २०० भुकेने, रोगाने, शिकारी प्राण्यांच्या तावडीत सापडून मरतील किंवा दुसरीकडे निघून जातील. बहुतेक बळी यंदाच्या अननुभवी पिल्लांचे असतील.

आता टंचाईपूर्वी तुम्ही बंदुकीने १५० कावळे मारा. राहिले २५०. अन्न अजूनही २०० जणांचेच आहे. म्हणून भूक यंदा २०० ऐवजी ५० जणच नेईल. वसंतात मोजा, कावळे पुन्हा २००! बंदुकीने जे मारले ते बहुतांशी भूक मारणारच होती.

बरे, जिद्दीने २५० मारले तर? राहतील १५०. पण मग ५० जणांचे अन्न शिल्लक राहील आणि शेजारच्या शिवारातले भुकेले कावळे ती जागा भरून काढतील. कावळ्यांच्या काही जातींत तर जागेच्या शोधात फिरणाऱ्या बिनघरट्याच्या पक्ष्यांचे थवेच असतात. एक जोडी मेली की थोड्याच दिवसांत दुसरी जोडी तिच्या हद्दीचा ताबा घेते.

हे आकडे आपण समजण्यासाठी घेतले, पण असा प्रकार खरोखर आढळलेला आहे. ब्रिटनमध्ये रूक नावाचा कावळ्याचा भाऊबंद आहे. चोचीच्या मुळाशी उघडी, पांढुरकी कातडी ही त्याची खूण. मे महिन्यात घरट्याबाहेर फांद्यांवर बसू लागलेली रूकची पिल्ले बंदुकीने टिपण्याची तेथे जुनी चाल आहे. स्कॉटलंडच्या ईशान्य भागात १९६० नंतर रूकचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की त्याला अन्नाची खरी टंचाई भासते ती उन्हाळ्यात, म्हणजे पिल्ले उडती झाल्यानंतर लगेच. पुष्कळ पिल्ले त्या टंचाईतच दगावतात. म्हणजे मे महिन्यातली बरीच काडतुसे मरणाच्या वाटेवर असलेल्यांवरच खर्च होत होती!

कावळ्यांप्रमाणेच शेतकऱ्यांना त्रास देणाऱ्या रानकबुतरांबाबतही असेच घडले. त्यांना मारण्यासाठी ब्रिटनचे सरकार एके काळी काडतुसांच्या किमतीत सूट देत असे. पक्षितज्ज्ञ मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजशायरमधील कार्ल्टनच्या शिवारात अनेक वर्षे कबुतरे मोजली. हिवाळ्याअखेर किती कबुतरे उरतात, हे बंदुकीवर नव्हे तर शेतातल्या क्लोव्हर या चाऱ्याच्या साठ्यावर ठरत होते. १९७४ साली त्यांनी हा अभ्यास प्रसिद्ध केला.

मग बंदूक निरुपयोगी का?

अगदी तसेही नाही. टंचाई संपल्यावर, विणीच्या तोंडावर मारलेला पक्षी ही खरी तूट असते, कारण भुकेच्या कसोटीतून तो पार पडलेला असतो. पण आजूबाजूहून होणारी भरती तेव्हाही थांबत नाही.

बंदुकीचा खरा उपयोग आहे तो भीतीचा. कोंब वर येत असताना किंवा कणीस भरत असताना एखादा बार झाला की थवा उडतो आणि काही काळ दूर राहतो. येथे महत्त्व मेलेल्या एकाचे नसून पळालेल्या शंभरांचे असते. आणि पळवायचेच असेल तर जीव घेण्याची गरज किती वेळा पडेल? आपल्याकडची गोफण, माळ्यावरची राखण, पत्र्याचे डबे आणि बुजगावणे हेच काम करतात.

मात्र कावळ्याला फसवणे सोपे नाही. २००६ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात शास्त्रज्ञांनी एक विशिष्ट मुखवटा चढवून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा घातलेला माणूस दिसला की कावळे कलकलाट करीत. जे कधी पकडले गेले नव्हते तेही त्यात सामील होत. ज्याला एवढे कळते त्याला एकाच जागी उभे असलेले बुजगावणे किंवा ठरावीक वेळी वाजणारा डबा किती दिवस भिववणार? म्हणून जागा, वेळ आणि युक्ती सतत बदलावी लागते. वरचेवर बार केल्याने कावळा बंदूकवाल्यापासून किती अंतर राखायचे एवढेच शिकतो.

याखेरीज दुसरेही उपाय आहेत. बियाणे मातीने नीट झाकले, पृष्ठभागावर दाणे उघडे राहू दिले नाहीत तर थवा मुळात आकर्षितच होत नाही. साऱ्या शिवाराची पेरणी एका वेळी झाली तर नुकसान एकाच शेतावर कोसळत नाही, ते विभागले जाते. आणि खळ्याभोवती सांडलेले धान्य व उघडा उकिरडा आवरला तर कावळ्यांच्या संख्येची मर्यादाच खाली येते. आपल्या गणितातला २०० हा आकडा बदलायचा तर तो येथे बदलतो, बंदुकीच्या नळीत नव्हे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कावळ्याला उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. तेव्हा आपल्याला तरी बुद्धीचेच उपाय शोधायचे आहेत.

करून पाहा : तुमच्या गावाजवळचे एक शेत निवडा. पेरणीपासून कापणीनंतर महिनाभरापर्यंत दर आठवड्याला ठरावीक वेळी अर्धा तास तेथील कावळे मोजा आणि ते काय वेचतात ते लिहून ठेवा : दाणा, कोंब, अळी की सांडलेले धान्य? हंगामाच्या शेवटी त्याचा तक्ता करा. किती आठवडे कावळा चोर होता आणि किती आठवडे राखणदार, हे तुमचे तुम्हालाच कळेल. तो तक्ता त्या शेताच्या मालकाला जरूर दाखवा.