तलावातील पाणवनस्पतींची ओळख

गावतळी व कालवे यांतील पाणवनस्पती काढण्यापूर्वी त्यांची ओळख पटविणे अगत्याचे आहे. पोटॅमोजेटॉन वंशातील नोडोसस जातीची लांब देठाची लंबगोल पाने पाण्यावर तरंगतात. क्रिस्पस जातीची पाने पाण्याखालीच राहतात. त्यांच्या कडा नागमोडी व दंतुर, खोड काहीसे चपटे आणि फळाची चोच लांब असते. पूर्वी याच वंशात गणल्या जाणाऱ्या स्टुकेनिया पेक्टिनाटाची पाने दोऱ्यासारखी असतात. तिची फळे व कंद हे पाणबदकांचे खाद्य आहे.

हायड्रिला मात्र निराळी. तिची पाने खोडाभोवती मंडलाकार, तर पोटॅमोजेटॉनची बहुधा एकाआड एक येतात. हायड्रिलाचा तुटका तुकडाही पुन्हा रुजतो. म्हणून ती कापून पाण्यात सोडू नये. बाहेर काढून काठापासून दूर वाळवावी. अन्यथा एका ठिकाणची सफाई दुसऱ्या ठिकाणची लागवड ठरते.