मनाचं दुखणं आणि हातातला फोन

ताप आला तर आपण बिरवाडीला, नाहीतर महाडला जाऊन गोळी आणतो. पण रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधडतं, कशात जीव रमत नाही, हे कुणाला सांगतो? “वेडी झाली” म्हणतील, म्हणून गप्प राहतो. आज बोलू या मानसतज्ज्ञ म्हणजे कोण आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, यावर.

आधी दोन माणसांतला फरक. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. एमबीबीएस होऊन ते पुढे मनाच्या आजारांचं शिक्षण घेतात आणि औषध लिहून देतात. मानसतज्ज्ञ मानसशास्त्रात बीए, एमए करून पुढचं प्रशिक्षण घेतात. ते गोळ्या देत नाहीत. नीट ऐकतात, चाचण्या घेतात, बोलण्यातून वाट काढायला मदत करतात.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झालं. त्यामागे डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट होते. सुनंदाताई मनोविकारतज्ज्ञ. पुढे केंद्राची धुरा सांभाळणाऱ्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर मानसतज्ज्ञ. एकाच घरात ही दोन्ही कामं दिसतात. तिथे दारू सुटलेली माणसं नव्याने आलेल्यांना आधार देतात, आणि त्यांच्या बायकांचा ‘सहचरी’ नावाचा गट आहे. दारू नवरा पितो, पण मार, कर्ज आणि लाज बायकोच्या वाट्याला येते. तिच्या मनालाही उपचार लागतो.

आपल्या भागात आणखी एक जखम आहे. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की कित्येकींचा डोळा लागत नाही. हा भित्रेपणा नव्हे. जिवावरचं संकट शरीर विसरत नाही. तसाच आवाज आला की ते पुन्हा सावध होतं. मोठ्या धक्क्यानंतर काही दिवस असं होणारच. पण महिना उलटूनही तेच चित्र डोळ्यांपुढे येत असेल, हातून रोजचं काम होत नसेल, तर मदत घ्यायला हवी.

त्यासाठी लगेच पुण्यामुंबईला जायची गरज नाही. सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. बटणांचा साधा फोन चालतो, इंटरनेट लागत नाही. आधी समुपदेशक ऐकतात, गरज असेल तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात.

“मला फोनातलं काही कळत नाही,” असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी असतात. अल्बर्ट बांडुरा या मानसतज्ज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं, की ‘मला जमेल’ हा विश्वास मुख्यतः स्वतः करून पाहिल्याने येतो, आणि आपल्यासारखीच दुसरी करताना दिसली की वाढतो. म्हणून शिकायला गटासारखी जागा नाही. बैठकीत बचत आणि परतफेडीची नोंद झाली की दहा मिनिटं फोनसाठी ठेवा. जिला येतं तिने शेजारी बसावं, पण फोन हातातून काढून घेऊ नये. बटण शिकणारीनेच दाबायचं. पहिला धडा हाच, १४४१६ नंबर साठवणं. घरात कुणी फोन तपासत असेल तर ‘माहेर’ नावाने साठवा. ओटीपी मात्र कुणालाच सांगायचा नाही, हेही त्याच दिवशी शिकवा.

आणखी दोन नियम. गटात कुणी मन मोकळं केलं तर ते इतिवृत्तात लिहायचं नाही आणि पाणवठ्यावर न्यायचं नाही. आणि कुणी “आता जगावंसं वाटत नाही” म्हणाली, तर तिला एकटीला सोडू नका. तिच्याजवळ बसा आणि तिथूनच फोन लावा. जिवाला लगेच धोका दिसला तर ११२ वर फोन करा.

अडल्या वेळी एकमेकींना कर्ज देतो, तसंच अडल्या मनालाही हात देऊ या.