जळाऊ लाकडाची वखार : ओल्या वजनाचा हिशेब

जळाऊ लाकडाची वखार थोड्या भांडवलात उभी राहते. ढाबे, लग्नकार्यातील आचारी व स्मशानभूमी ही तिची नेहमीची गिऱ्हाइके. परंतु ओल्या मालाचा हिशेब चुकला की भांडवल बुडते.

नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे १०० किलो लाकूड नीट वाळले की सुमारे ६० किलोच भरते. म्हणजे समजा, ३ रुपये किलोने घेतलेला माल प्रत्यक्षात ५ रुपयांना पडतो. त्यावर फोडणावळ, हमाली व टेम्पोचे भाडे धरूनच विक्रीचा भाव ठरवावा. ओला माल तसाच विकला तर नुसता धूर होतो आणि गिऱ्हाईक तुटते. म्हणून पावसाळ्याचा साठा उन्हाळ्यापूर्वीच फोडून, जमिनीपासून उंच, वारा खेळेल असा रचावा.

१९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतील झाडे खाजगी जमिनीवरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. खरेदीपूर्वी ती परवानगी पाहावी व वाहतूक परवान्याची चौकशी वन कार्यालयात करावी. वजनकाटा मुदतीत तपासून घ्यावा, उधारी वहीत लिहावी. वाळलेला माल आणि खरे माप यांवरच वखार टिकते.